बाळासाठी क्रोशाचा उबदार कोट विणायचा आहे, सर्वांत जाड लोकर घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की साखळी, मुका खांब आणि खांब एवढेच टाके येतात, बहिणीच्या बाळासाठी थंडीआधी कोट पूर्ण करायचाय आणि मिळेल ती सर्वांत जाड लोकर घ्यावी असं मनात आहे. येतं तेवढ्यावर कोट नक्की होईल. जाड लोकर मात्र घेऊ नका.

माझा पहिला कोट मी अशाच जाड लोकरीचा विणला होता, सगळा खांबांचा. भरभर झाला, म्हणून मी खूश होते. बाळाला घातला तर कोपर वाकेना, दोन्ही हात बाजूला ताठ. वर खांबांच्या फटींतून वारा आत जात होता, आणि एका फटीत त्याचं इवलंसं बोट अडकलं. तो कोट मी उसवला. लोकर ऊब देते ती तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. जाड धागा करकचून विणला की ती हवा दबते आणि मोठ्या फटी ठेवल्या की निघून जाते. म्हणून मध्यम जाडीची मऊ लोकर, ४ मिमीची सुई आणि अर्धा खांब. तो तुम्ही दोन मिनिटांत शिकाल: सुईवर एक वेढा घ्या, टाक्यातून धागा ओढा, मग पुन्हा धागा घेऊन तो तिन्ही वेढ्यांतून एकदम बाहेर काढा. मुक्या खांबापेक्षा लवचीक, खांबापेक्षा बंद. जाळीची नक्षी कितीही सुंदर दिसली तरी ती उन्हाळ्यासाठी ठेवा.

लोकर घेताना ती गालावर आणि गळ्यावर घासून बघा, हाताला मऊ लागणारी लोकर गळ्याला टोचू शकते. केसाळ, तंतू सुटणारी लोकर नको, ते तंतू बाळाच्या तोंडात जातात. बाळाचे कपडे रोज धुवावे लागतात, तेव्हा मशीनमध्ये धुता येणारी मेरिनो किंवा चांगल्या प्रतीचं अ‍ॅक्रिलिक घ्या. मला अशा कोटाला २०० ते २५० ग्रॅम लागते. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या, नाहीतर बाहीचा रंग वेगळा दिसतो.

आता माप. बाळ आज केवढं आहे हे बाजूला ठेवा, थंडी ऐन भरात असेल तेव्हा ते किती महिन्यांचं असेल ते मोजा. छातीचा घेर तिसऱ्या महिन्यात साधारण ४० सेमी, सहाव्यात ४३, वर्षाला ४६ च्या आसपास. कोट आतल्या कपड्यांवरून घालायचा असतो, म्हणून त्यात ७ सेमी मिळवा. शंका असेल तर मोठं माप धरा, लांब बाही दुमडता येते.

सहा महिन्यांच्या बाळाचा हिशेब मांडून देते. आधी हातभर नको, पण १२ सेमीचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मोजा. १० सेमीत १६ टाके आणि साधारण १२ ओळी आल्या तर हे आकडे जसेच्या तसे चालतील. गळ्यापासून खाली विणायचं, म्हणजे शिवण जवळजवळ राहत नाही. ४६ साखळ्या घाला, सुईकडून तिसऱ्या साखळीपासून अर्धे खांब घातले की ४४ होतात. त्यांची वाटणी: पुढचा भाग ८, बाही ६, पाठ १६, बाही ६, पुढचा भाग ८. या चार सांध्यांवर वेगळ्या रंगाचा धागा बांधा. पुढच्या प्रत्येक ओळीत सांध्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या टाक्यात दोन-दोन अर्धे खांब, म्हणजे ओळीमागे ८ टाके वाढतात. अशा १० ओळींनंतर १८, २६, ३६, २६, १८ होतील. मग बाह्यांचे २६-२६ टाके तसेच सोडून द्या आणि दोन्ही काखांत ४-४ साखळ्या घालून अंग जोडा. अंगाचे ८० टाके, म्हणजे बरोबर ५० सेमी. खाली १६ ते १८ सेमी विणत जा. मध्ये एका ओळीत ८ टाके पसरून वाढवले तर खाली घेर येतो, लंगोट असतानाही कोट वर चढत नाही. बाहीला ३० टाके येतात, लांबी साधारण १६ सेमी. दर ओळीला टाके मोजाच, काठावरचा शेवटचा टाका सगळ्यांचा सुटतो.

बटणपट्टी मुक्या खांबाची करा, घट्ट बसते. काजासाठी दोन साखळ्या घालून दोन टाके सोडले की झालं. बटणं लोकरीने शिवू नका. मजबूत दोरा घ्या, मागे कापडाचा तुकडा लावा आणि शिवल्यावर जोर लावून ओढून बघा. सुटलेलं बटण सरळ तोंडात जातं. गळ्याशी ओढायची नाडी किंवा गोंडे मी कधीच लावत नाही, फास बसण्याची भीती असते. आतली धाग्याची टोकं दोन्ही दिशांनी ओवून पक्की करा, लोंबता धागा बोटाभोवती गुंडाळला जातो. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, त्याचा फुगीरपणा कायमचा जातो.

एक गोष्ट बहिणीला जरूर सांगा. बाळ झोपलं की कोट काढायचा, कारण तान्ह्या बाळाला फार उकडणं धोक्याचं असतं. गाडीतल्या बाळाच्या सीटमध्येही कोटावरून पट्टे बांधायचे नाहीत, ते सैल राहतात. आधी पट्टे आवळायचे आणि मग कोट वरून पांघरायचा.

नमुना विणून झाला की १० सेमीत किती टाके आले ते लिहा. आकडा वेगळा असेल तर नवी वाटणी मी करून देते.