दोन वर्षं धनत्रयोदशीपासून मोजा

प्रश्न, थोडक्यात: मी सांगलीत एका सराफी पेढीवर काउंटरला असते. रोज दहा तास उभं राहावं लागतं, काळे बंद बूट सक्तीचे. १९ जून २०२३ ला पुण्यातल्या एका दुकानातून ३,४९९ रुपयांचे बूट घेतले, सहा महिन्यांची लेखी वॉरंटी होती. त्याच वर्षी धनत्रयोदशीला, ऐन गर्दीत, उजव्या बुटाचा सोल सुटला. दुकानदार ‘कंपनीला कळवलंय’ म्हणत राहिला आणि आता ऑगस्ट २०२५ मध्ये ‘वॉरंटी संपली’ म्हणून मोकळा झाला. मार्च २०२४ मध्ये मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, तिचा नंबर जपून ठेवलाय. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं आहे. पैसे मिळतील का? टाचदुखीच्या उपचारांचा खर्चही मागता येईल का?

उत्तर: ताई, बिलावरच्या त्या ओळीची काळजी सोडा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार आहे. दुकानदाराने काय छापून घेतलंय याने त्यात फरक पडत नाही.

माझा जीव अडकला तो तुमच्या शेवटून चौथ्या वाक्यात. ‘तक्रार केली आहे.’ अशी पत्रं मला महिन्याला चार तरी येतात, आणि प्रत्येकात तो हेल्पलाइनचा नंबर जपून ठेवलेला असतो. ती तक्रार नव्हे! १९१५ वरचे लोक दुकानाला किंवा कंपनीला कळवतात, समेट होतो का बघतात. कित्येकदा होतोही, त्यामुळे फोन केलात ते वाईट नाही. पण कायद्याला जी तक्रार कळते ती कलम ३५ खाली जिल्हा ग्राहक आयोगात दाखल केलेली. ती तुम्ही आजतागायत केलेली नाही. आणि कलम ६९ म्हणतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत या.

हेल्पलाइनमुळे ही दोन वर्षं थांबत नाहीत. दुकानदाराच्या ‘बघतो ताई’मुळे थांबत नाहीत. वकिलाची नोटीस पाठवली तरी थांबत नाहीत. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी दाखल करून घेण्याआधी मुदत तपासणं हे आयोगाचंच काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या एका प्रकरणात २००९ मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा कोणाच्या लक्षात येणार नाही अशा भरवशावर राहू नका.

आता मोजू. दुकानाचा वकील म्हणेल, मुदत खरेदीपासून, म्हणजे १९ जून २०२५ लाच संपली. मला ते पटत नाही. वॉरंटी चालू असताना दोष उघड झाला, तेव्हा कारण त्या दिवशी घडलं. ऑगस्टच्या नकारापासून मोजा असंही कोणी सुचवेल, पण मी त्या फांदीवर बसणार नाही. वर्षभर गप्प बसायचं, मग एक पत्र टाकून नकार मिळवायचा आणि तिथून नवीन दोन वर्षं मोजायची, ही युक्ती आयोगांनी पुष्कळ पाहिली आहे. धनत्रयोदशी धरा. मात्र तिथी नव्हे, तारीख. यंदाची, म्हणजे २०२५ ची धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला आहे, तिच्याशी तुमचा काही संबंध नाही. २०२३ ची १० नोव्हेंबरला होती, म्हणून १० नोव्हेंबर २०२५ ही तुमची बाहेरची भिंत. तो सोमवार आहे, आदल्या दिवशी रविवार. हे उत्तर मी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लिहितोय, मध्ये दिवाळी आहे आणि तुमच्या पेढीवर तर श्वास घ्यायला फुरसत नसणार. म्हणून सांगतो, १७ ऑक्टोबरच्या आत ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार चढवा. पुण्याला जायची गरज नाही, तुम्ही राहता तिथल्या म्हणजे सांगलीच्या आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. दुकान आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्ध लावा.

तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडा. उशीर झालेला नाही असंच म्हणा, पण आयोगाला खरेदीची तारीख धरावीशी वाटली तर चार महिन्यांचा उशीर माफ करावा, असं लिहा. पुरेसं कारण आयोगाला पटावं लागतं. दुकानदाराची आश्वासनं तिथे उपयोगी पडतील, पण पडतीलच असं नाही.

आता पुरावा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बिल म्हणजे पांढरा कागद आहे. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात उडतं, हे आता शाळकरी पोरालाही माहीत आहे. घेतलं त्या संध्याकाळी फोटो काढला असता तर? असो. यूपीआयचा व्यवहार बँकेच्या उताऱ्यात सापडेल, आणि दुकानाकडे बिलाची दुसरी प्रत लेखी मागा. दिली नाही तर तेही तक्रारीत लिहा.

खरा आधार आहे तो १७ नोव्हेंबर २०२३ चा तुमचा व्हॉट्सॲप मेसेज: ‘भाऊ, सोल निघाला, फोटो पाठवते.’ त्याखाली दुकानदाराचं उत्तर: ‘तुळशीच्या लग्नानंतर या.’ वॉरंटी १९ डिसेंबरपर्यंत होती. म्हणजे तुम्ही मुदतीत कळवलंत आणि त्याला ते माहीत होतं, हे त्याच्याच तोंडून सिद्ध होतं. ‘वॉरंटी संपली’ हे वाक्य तिथेच गळून पडतं. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा आणि निकालापर्यंत तो मोबाइल एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

बूट. उजवा तुम्ही कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून शिवून घेतलात. वापरायचा होता, समजू शकतो, पण आता कंपनी म्हणणार की छेडछाड झाली. डावा मात्र तुम्ही शिवला नाही. तो पुढे पावसाळ्यात सुटला आणि तसाच आहे, हे तुमचं नशीब. त्याला हात लावू नका, डिंक लावू नका, कोरड्या पिशवीत ठेवा. तपासणी लागली तर तोच प्रयोगशाळेत जाईल, आणि खर्च आधी तुम्हाला भरायला सांगितला जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट तुमच्याच फोटोत आहे, ती तुम्ही वाचलेली नाही. बुटांच्या खोक्यात तुम्ही पणत्या ठेवल्या आहेत. त्या खोक्याच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आहे: ०३/२०२१. बूट तुमच्या हाती आले तेव्हाच सव्वादोन वर्षांचे होते. पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) सोल हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो, न वापरता खोक्यात पडून असला तरी. फोटोत डाव्या बुटाची टाच भिजलेल्या खारीसारखी भुसभुशीत दिसते आहे. चालून झिजलेला सोल गुळगुळीत होतो, असा भुगा होत नाही. ‘रोजच्या वापराची झीज’ हा बचाव इथे लंगडा पडावा. नक्की काय ते तज्ज्ञाचा अहवाल सांगेल. पणत्या दुसरीकडे ठेवा आणि खोकं सांभाळा.

टाचदुखीबद्दल फार आशा लावत नाही. दहा तास फरशीवर उभं राहणाऱ्याची टाच चांगल्या बुटातही दुखते, आणि दुखणं या बुटांमुळेच आलं असं लिहून देणारा डॉक्टर मिळणं अवघड. मागणी टाका, पण जपून. बुटांची किंमत, व्याज, त्रासाबद्दल आणि तक्रारीच्या खर्चाबद्दल माफक रक्कम. साडेतीन हजारांच्या बुटांसाठी पाच लाख मागितले की आयोग पहिल्याच पानावर भुवया उंचावतो.

किती दिवस लागतील? कायदा म्हणतो, सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, तपासणी असेल तर पाच. कायदा असं बरंच काही म्हणतो. माझ्याकडे मिक्सरच्या भांड्याची एक तक्रार आहे, तिचं चौथं वर्ष चालू आहे आणि मागच्या वेळी सदस्यांची जागा रिकामी म्हणून तारीख पडली. तुमची लवकर सुटो.

बसायला स्टूल मागता येईल का, हे तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलंय. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यावी असं कायद्यात घातलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात तशी स्वतंत्र तरतूद नाही. मालकांना चार जणींनी मिळून लेखी विनंती करा, एवढंच आज सांगू शकतो.

नवे बूट घेताना संध्याकाळी जा, पाय सुजलेले असतात तेव्हाच माप खरं कळतं. आम्ही वकीलही दिवसभर उभेच असतो, म्हणून सांगतो: सोल नुसता चिकटवलेला नको, कडेने शिवलेला बघा. खोक्यावरचा महिना वाचा. वॉरंटी बिलावरच लिहून, शिक्का मारून घ्या. पण हे दिवाळीनंतर. आधी तक्रार चढवा आणि पोर्टलवर जो क्रमांक मिळेल तो मला कळवा.