वाचकांचे प्रश्न : सत्ताविसाव्या होलवरून दिसणारा समुद्र

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहतो. येत्या ऑक्टोबरमध्ये आमच्या लग्नाला १० वर्षे पूर्ण होतील. सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत आणि आमचा मुलगा दोन रात्री त्यांच्याजवळ आनंदाने राहील, म्हणून या वेळी दोघांनीच कुठेतरी जाऊन यायचे ठरवले आहे. नवऱ्याला गेल्या वर्षापासून डिस्क गोल्फचे वेड लागले आहे आणि सहलीत एक दिवस तरी एखाद्या निसर्गरम्य मैदानावर खेळावे, तेही माझ्यासोबत, असा त्याचा आग्रह आहे. तो सहज ३०० फूट फेकतो. माझी डिस्क जेमतेम १०० फुटांवर डावीकडे वळून पडते. त्याने तीन ठिकाणे काढली आहेत : व्हरमाँटमधील स्मगलर्स नॉच, लॉस एंजेलिसजवळचे ओक ग्रोव्ह आणि सांताक्रूझचे डेलाव्हिएगा. यांपैकी कोणते निवडावे? मला दिवसभर बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या नाहीत. शिवाय त्याला भेट म्हणून एखादी चांगली डिस्क घ्यावी का?
— एक वाचक, सनीव्हेल

उत्तर : ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी आधी दोन वाक्ये लिहितो. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारत खळग्यात घालतात, तर डिस्क गोल्फमध्ये फ्रिसबीसारखी, पण लहान, जड आणि धारदार कडेची तबकडी हाताने फेकत, जिला साखळ्या लोंबतात अशा लोखंडी टोपलीत, म्हणजे बास्केटमध्ये, टाकतात. जितक्या कमी फेकींत ती पडेल तितके चांगले. पहिली फेक जेथून करतात ती जागा म्हणजे ‘टी’ आणि टीपासून बास्केटपर्यंतचा प्रत्येक टप्पा म्हणजे एक ‘होल’. बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत किंवा जंगलात असल्यामुळे खेळाबरोबर चांगली पायपीट घडते आणि तुमच्या सहलीच्या दृष्टीने तीच जमेची बाजू आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर सांताक्रूझ हे आहे, मात्र ते तसे का आणि कोणत्या अटींवर, हे सविस्तर सांगावे लागेल. जोडप्याने मैदान निवडताना छायाचित्राच्या आधी दोघांपैकी कच्च्या खेळाडूचा हात विचारात घ्यावा, असे माझे मत आहे आणि ते मी स्वतः ठेच खाऊन बनवले आहे. काही वर्षांपूर्वी एका तळ्याकाठच्या होलचे छायाचित्र पाहून मी पत्नीला एका जंगलातल्या मैदानावर घेऊन गेलो. तिसऱ्या होलवर तिची हिरवी डिस्क हिरव्या गवतात गेली. नियमाने हरवलेली डिस्क शोधायला तीन मिनिटे मिळतात, आम्ही ती पाऊण तास शोधली. आम्ही ज्याच्यावर भाळलो होतो तो तळ्याकाठचा होल चौदावा होता आणि आम्ही सहाव्यावरूनच परतलो. यूडिस्कसारख्या अ‍ॅपवर मैदानांना जे तारे मिळतात, ते मुरलेल्या खेळाडूंनी दिलेले असतात आणि अशा खेळाडूला अरुंद, वळणाची, झाडांनी अडवलेली वाट आवडते, हेही मला नंतर उमगले. त्यामुळे भरघोस तारे असलेले मैदान नवख्याच्या कामाचे असेलच असे नाही.

व्हरमाँटचा मोह मी समजू शकतो. स्मगलर्स नॉच हे डोंगरातले स्कीइंगचे रिसॉर्ट असून तेथे फॉक्स रन मेडोज आणि ब्रूस्टर रिज अशी दोन मैदाने आहेत. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या व्यावसायिक जागतिक स्पर्धा तेथेच झाल्या, त्यामुळे तुमच्या पतींनी ती पडद्यावर अनेकदा पाहिली असणार. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्या भागातील मेपलची झाडे पेटल्यासारखी दिसतात. परंतु पहिल्या मैदानावरील अंतरे व्यावसायिक खेळाडूंच्या ताकदीची आहेत आणि तुमच्या हाताशी दोनच रात्री आहेत. विमाने बदलत देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत त्यांतली एक संपलेली असेल.

ओक ग्रोव्ह हे या खेळाचे मूळपीठ आहे. फ्रिसबीला आजचे स्थिर उड्डाण देणारे एड हेड्रिक यांनी १९७५ साली तेथे जगातील पहिले कायमस्वरूपी डिस्क गोल्फ मैदान उभारले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून त्याच्या डिस्क तयार करण्यात आल्या. अशा माणसाच्या मैदानाला भक्ताने एकदा तरी जाऊन यावेच, आणि शेजारीच नासाची जेट प्रोपल्शन प्रयोगशाळा आहे हेही आकर्षणच. तरीही लग्नाच्या वाढदिवसासाठी साडेतीनशे मैल गाडी हाकून जावे, असे त्याला निसर्गरम्य म्हणता येणार नाही. ही तीर्थयात्रा पतींनी मित्रांबरोबर करावी.

राहिले डेलाव्हिएगा. तुमच्या घरापासून हे मैदान तासाभराच्या अंतरावर आहे. १९८४ पासूनचे हे सत्तावीस होलांचे मैदान ओक वृक्षांच्या टेकड्यांवर आणि घळींवर पसरलेले आहे. त्याचा शेवटचा, सत्ताविसावा होल ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ या नावाने खेळाडूंमध्ये प्रसिद्ध आहे. टेकडीच्या माथ्यावरील टीवर उभे राहिले की समोर माँटेरेचा उपसागर दिसतो आणि बास्केट खाली, ५०० फुटांहून अधिक अंतरावर असते. डिस्क हातातून सुटल्यावर बराच वेळ हवेत तरंगत राहते आणि ती खाली उतरेपर्यंत कोणीही बोलत नाही. अशा उतारावर १०० फूट फेकणाऱ्याची डिस्कही एरवीपेक्षा लांब जाते, त्यामुळे हे दृश्य पाहण्याबरोबरच खेळण्याचे सुख तुम्हालाही मिळेल.

आता अटी. पहिली अट अशी, की पूर्ण मैदान खेळण्याचा हट्ट धरू नये. चढउतारांवर सत्तावीस होल म्हणजे नवख्या माणसाला तीन-चार तास सहज लागतात आणि शेवटी दृश्यासमोर पाय बोलू लागतात. नकाशा पाहून नऊ-दहा होल निवडा, मधल्या वेळी डबा खा आणि सत्ताविसावा शेवटी ठेवा. मागून वेगाने खेळणारा गट आला, तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे. हा या खेळातला सर्वमान्य शिष्टाचार असून त्यामुळे ‘लोक खोळंबले आहेत’ हे दडपणही राहत नाही.

दुसरी अट खेळण्याच्या पद्धतीची आहे आणि बाकावर बसण्याच्या तुमच्या तक्रारीवरचा उपायही तोच आहे. दोघांनी एकमेकांविरुद्ध न खेळता ‘बेस्ट शॉट डबल्स’ खेळावे. दोघेही टीवरून फेकतात, दोन्हींपैकी जी डिस्क सोयीच्या जागी पडली असेल तेथून दोघेही पुढची फेक करतात आणि शेवटी दोघांचा मिळून एकच गुणांक होतो. सुरुवातीच्या फेकी बहुधा त्यांच्याच निवडल्या जातील. परंतु बास्केट वीस फुटांवर आल्यावर ताकदीला काही किंमत उरत नाही आणि त्यांची डिस्क साखळ्यांना घासून बाहेर पडलेली असताना तुमची आत पडण्याचा प्रसंग दिवसातून चार-पाच वेळा तरी येतोच. त्या वेळी चेहऱ्यावर काय दाखवायचे हे आधी ठरवून ठेवा.

तिसरी अट वनस्पतीची आहे. या मैदानाच्या कडेने पॉयझन ओक नावाचे झुडूप माजलेले असते. हे झुडूप आंबा, काजू आणि आपला बिब्बा यांच्याच कुळातले असल्यामुळे सहलीत बिब्बा घालण्याची त्याची क्षमता अक्षरशः खरी आहे. कैरीचा चीक लागून ओठ उतलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी त्याच्या कितीतरी पट तीव्र पुरळाची कल्पना करावी. एका देठावर तीन-तीन पाने, ही त्याची खूण. ऑक्टोबरमध्ये ती पाने सुंदर लाल होतात आणि छायाचित्रासाठी हात नेमका तिकडेच जातो. त्यातील तेल त्वचेवर जसे चिकटते तसेच डिस्कवरही चिकटते. झुडपातून काढलेली डिस्क पुसून पिशवीत टाकली आणि त्याच हाताने कपाळावरचा घाम टिपला, की झाले. म्हणून पूर्ण लांबीची विजार घाला, ओले रुमाल जवळ ठेवा, खेळ संपल्यावर हात, डिस्क आणि बूट साबणाने धुवा आणि झुडपाच्या गाभ्यात गेलेल्या डिस्कला तेथेच निरोप द्या.

वेळेविषयी सांगायचे तर ऑक्टोबर ही तुमची निवड उत्तम आहे. जून-जुलैत सांताक्रूझच्या किनाऱ्यावर सकाळी दाट धुके बसते आणि तेव्हा ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’वरून जग सोडाच, बास्केटही दिसेलच याची खात्री नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आकाश अधिक मोकळे असते. तरीही सकाळी घाई न करता अकराच्या सुमारास खेळ सुरू करावा. शनिवारी सकाळी १७ क्रमांकाच्या महामार्गावर समुद्राकडे निघालेल्यांची रांग लागते, म्हणून शुक्रवारी रात्रीच सांताक्रूझला किंवा शेजारच्या कॅपिटोलाला मुक्कामी पोहोचावे. त्याच डेलाव्हिएगा उद्यानात त्याच नावाचे चेंडूच्या गोल्फचे मैदानही आहे, त्यामुळे नकाशावर ‘डिस्क’ हा शब्द पाहूनच गाडी वळवा. खेळानंतर संध्याकाळी नॅचरल ब्रिजेस या किनाऱ्यावर जावे. ऑक्टोबरच्या मध्यापासून तेथील निलगिरीच्या झाडांवर मोनार्क फुलपाखरे येऊ लागतात.

भेटीबद्दल थोडे वेगळे सुचवतो. पतींकडे डिस्कचा तोटा नसणार, तेव्हा डिस्क स्वतःसाठी घ्या. सध्या तुमची डिस्क लवकर डावीकडे वळून पडते, याचे कारण तुम्ही बहुधा त्यांचाच एखादा वेगवान ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, वापरत असाल. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात आणि त्यांपैकी पहिला वेगाचा असतो. नऊच्या पुढील आकड्याच्या डिस्कला तितक्याच वेगवान हाताची गरज असते आणि ती न भागल्यास उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढत, फेकलेली डिस्क लवकर डावीकडे कोसळते. पहिला आकडा दोन किंवा तीन असलेला एक पटर (बास्केटजवळच्या फेकीची डिस्क) आणि चार किंवा पाच असलेली एक मिडरेंज (मध्यम अंतराची डिस्क), दोन्ही १५० ग्रॅमच्या आसपासच्या, एवढे तुम्हाला पुरेसे आहे. रंग गुलाबी किंवा नारिंगी घ्या, हिरवा मुळीच नको. मागच्या बाजूस फोन क्रमांक लिहून ठेवा, कारण हरवलेली डिस्क सापडल्यावर फोन करून परत देण्याची या खेळाडूंमध्ये चांगली पद्धत आहे. सत्ताविसाव्या होलवर समुद्राकडून वारा येत असेल, तर डिस्क बेताने, जरा खालच्या उंचीवर फेका.