सैनिकांच्या आठवणी जपणारा, पण फारसा ठाऊक नसलेला शिक्षक कोण?

माझ्या मते पीटर लिडल. इंग्लंडमधल्या संडरलँडला ते इतिहास शिकवत. पहिल्या महायुद्धातले सैनिक म्हातारे होत चाललेत, हे ओळखून त्यांनी त्यांना गाठून बोलतं केलं, मुलाखती टेपवर घेतल्या. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांनी गोळा केलेलं लिखाण: खंदकातून घरी धाडलेली पत्रं, रोजनिशा, आठवणींची टिपणं. एरवी हे सगळं रद्दीतच गेलं असतं! तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीवर लढलेले आहेतच, शिवाय लढायला नकार देऊन तुरुंगात गेलेल्यांनाही त्यांनी जागा दिली, याचं मला फार अप्रूप आहे. चार हजारांहून अधिक माणसांचा हा संग्रह 1988 पासून लीड्स विद्यापीठात आहे.