साड्यांच्या ऑनलाइन स्टोअरमध्ये कॅटेगरी पेजवर फिल्टर लावले की तयार होणारे यूआरएल (पेजचे पत्ते) कसे ठेवावेत? स्लॅशवाले (/साड्या/जांभळी/) की प्रश्नचिन्हवाले (/साड्या/?रंग=जांभळी)?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वूकॉमर्सवर (वर्डप्रेसमध्ये दुकान चालवायचं प्लगइन) साड्यांचं दुकान आहे, माल साधारण 400 साड्या, पण गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये हजारोंनी यूआरएल "डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" मध्ये (पत्ता गूगलला कळलाय, पण पेज अजून इंडेक्समध्ये, म्हणजे शोधाच्या यादीत घेतलेलं नाही) पडलेत, आणि डेव्हलपर म्हणतोय की प्रश्नचिन्हं काढून सगळे फिल्टर स्लॅश देऊन सुटसुटीत करू, मग गूगलवर वर येईल. आधी त्याला थांबवा. मी अशाच छोट्या दुकानांच्या वेबसाइटचं काम करते आणि हा सल्ला मला इतक्यांदा ऐकायला मिळतो की आता डोकं फिरतं.

तुमची अडचण यूआरएल दिसतो कसा ही नाहीये, यूआरएल आहेत किती ही आहे. हिशोब करून बघा. समजा रंग 12, कापड 6, किमतीचे टप्पे 5 आणि लग्न-सण-ऑफिस वगैरे प्रसंग 4. प्रत्येकातून एकच निवडायचं किंवा काहीच नाही निवडायचं असं धरलं तरी 13 गुणिले 7 गुणिले 6 गुणिले 5, म्हणजे 2730 पेजं झाली, त्यावर स्वस्त आधी-महाग आधी-नवीन आधी असे सॉर्टिंगचे 4 प्रकार लावले की 10,920. आणि हे एकेकच निवडता येत असेल तर! गिऱ्हाइकाला हव्या तितक्या खुणा करता येत असतील तर हे 27 चेकबॉक्स झाले आणि कॉम्बिनेशन 13 कोटी 42 लाखांच्या वर जातात. साड्या मात्र तेवढ्याच, 400. क्रॉल बजेटची (गूगलचा बॉट, म्हणजे पेजं वाचत फिरणारा प्रोग्राम, तुमच्या साइटवर किती फेऱ्या मारेल याची) काळजी कोणी करावी यावर गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय, 10 लाखांच्या वर पेजं असलेल्या साइट, रोज बदलणारी 10 हजारांवर पेजं असलेल्या साइट, आणि ज्यांचे बरेचसे यूआरएल नेमके तुमच्यासारखे "डिस्कव्हर्ड" मध्ये अडकलेत अशा साइट. म्हणजे 400 साड्यांच्या दुकानाचा या भानगडीशी काही संबंध यायलाच नको होता, फिल्टरने तो आणला.

आता हेच सगळं स्लॅशमध्ये टाकलं तर आकडा एकानेही कमी होत नाही, उलट /साड्या/जांभळी/सिल्क/ आणि /साड्या/सिल्क/जांभळी/ अशी एकाच मालाची दोन-दोन पेजं उघडायला लागतात, आणि बॉटला अडवायचं म्हटलं तर कुठला स्लॅश खऱ्या कॅटेगरीचा आणि कुठला फिल्टरचा हे नियमात पकडता येत नाही. प्रश्नचिन्ह असलं की तेच काम रोबोट्स फाइलमधल्या (बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणारी साइटवरची फाइल) चार-पाच ओळींत होतं.

मग स्लॅश कुणाला द्यायचा? साडीच्या दुकानात पैठणीचा कप्पा वेगळा असतो, इरकलचा वेगळा, पण "जांभळी, 3000 ते 4000, सिल्क, लग्नासाठी" असा कप्पा कुणी करत नाही, ते गिऱ्हाईक गादीवर बसून सांगतं आणि दुकानदार काढून दाखवतो. इथेही तसंच करा. जे लोक गूगलमध्ये खरंच टाइप करतात आणि ज्याचा माल तुमच्याकडे बाराही महिने बऱ्यापैकी असतो, त्यालाच स्वतःचं पेज आणि स्लॅशवाला पक्का पत्ता. पैठणी, नारायणपेठ, इरकल, खणाची साडी, नऊवारी हे तर झालेच. त्याखाली /पैठणी/मुनिया-बॉर्डर/ किंवा /पैठणी/जांभळी/ पण चालेल, बायका असं शोधतात. क्रम मात्र एकच ठरवा, आधी प्रकार मग रंग, आणि दोन पायऱ्यांच्या खाली उतरू नका. या पेजांना स्वतःचं टायटल, स्वतःचं हेडिंग, वर दोन-चार ओळी कामाचा मजकूर आणि मेन्यूमधून किंवा वरच्या कॅटेगरीतून साधी लिंक पाहिजे. मला विचाराल तर यूआरएलमधल्या शब्दांपेक्षा या गोष्टींनी जास्त फरक पडतो. वूकॉमर्समध्ये यासाठी प्लगइन पण नको, पैठणीखाली उपकॅटेगरी करा आणि त्यात साड्या टाका. ॲट्रिब्यूटचं (रंग, कापड वगैरे गुणाचं) अर्काइव्ह, म्हणजे त्या गुणाच्या सगळ्या मालाचं आपोआप बनणारं पेज, चालू करायची सोय आहे, पण त्यात जांभळ्या इरकल, जांभळ्या खण सगळं एकत्र येतं, त्याचा इथे उपयोग नाही.

किमतीला स्लॅश देऊ नका. अपवाद एखादाच, "5000 च्या आत पैठणी" असं शोधणारे असतात, त्यांच्यासाठी एक पेज हाताने बनवा, पण हातमागावरची खरी सिल्क पैठणी सहसा त्या भावात येत नाही तेव्हा पेजवर सेमी पैठणी असं सरळ लिहा, नाहीतर परत आलेले पार्सल मोजत बसाल.

बाकी सगळे फिल्टर प्रश्नचिन्हाच्या मागेच राहू द्या. "रंग=जांभळी" अशा साध्या जोड्या, दोन जोड्यांच्या मध्ये अँडचं चिन्ह (&), स्वल्पविराम किंवा चौकटी कंस घालून स्वतःची पद्धत शोधून काढू नका, बॉटला ते उलगडायला अवघड जातं. शब्द जोडायला अंडरस्कोअरपेक्षा हायफन, आणि इंग्रजी अक्षरं सगळी छोटी, कारण मोठ्या अक्षरातला यूआरएल गूगलच्या लेखी वेगळा.

आता बॉटला अडवायचं. रोबोट्स फाइलमध्ये साधारण अशा ओळी येतील (इथे वाचायला देवनागरीत लिहितेय, फाइलमध्ये वूकॉमर्सची जी इंग्रजी नावं आहेत तीच टाका; "डिसअलाउ" म्हणजे इथे येऊ नको, "ऑर्डरबाय" म्हणजे सॉर्टिंग):

डिसअलाउ: /*?*ऑर्डरबाय=
डिसअलाउ: /*?*मिन_प्राइस=
डिसअलाउ: /*?*मॅक्स_प्राइस=
डिसअलाउ: /*?*फिल्टर_
डिसअलाउ: /*?*ॲड-टू-कार्ट=

शेवटची ओळ आधीच आहे का बघा, नसेल तर घाला, कारण प्रत्येक साडीखालच्या "कार्टमध्ये टाका" बटणाची पण लिंक असते आणि बॉट त्यावरही जाऊन येतो. आणि शॉर्टकट म्हणून "प्रश्नचिन्ह दिसलं की बंद" अशी सरसकट ओळ टाकू नका हां! गूगल शॉपिंगसाठीच्या मर्चंट सेंटरला फीड (मालाची यादी) जात असेल आणि त्यात रंगाप्रमाणे व्हेरिएशनच्या लिंक असतील तर त्या "ॲट्रिब्यूट_" वाल्या प्रश्नचिन्हाच्याच असतात, गूगलबॉटला ते पेज उघडलं नाही की तुमचे प्रॉडक्ट तिकडे नामंजूर व्हायला लागतात आणि मग कारण शोधायला दोन दिवस जातात.

क्रम पण महत्त्वाचा आहे, इथे लोक हमखास घोळ घालतात. तुमच्या फिल्टरच्या यूआरएलपैकी काही आधीच इंडेक्स झाले असतील तर त्यांना लगेच रोबोट्समध्ये बंद करू नका. आधी नोइंडेक्स (हे पेज इंडेक्समध्ये घेऊ नको असं सांगणारी पेजमधली ओळ) लावा, गूगलला ते येऊन बघू द्या, ते इंडेक्समधून गळले की मग दार लावा. दार आधी लावलं तर आतली नोइंडेक्सची पाटी त्याला दिसणारच कशी? कॅनॉनिकलचं (सारख्या पेजांपैकी मुख्य कुठलं हे सांगणारी ओळ) पण तेच, बंद पेजावरचं कॅनॉनिकल कुणी वाचत नाही. आणि कॅनॉनिकल हा हुकूम नाही, सूचना आहे, शिवाय ते वाचायला बॉटला त्या पेजावर यावंच लागतं, म्हणजे बॉटच्या फेऱ्या लगेच कमी होत नाहीत, झाल्या तर हळूहळू होतात. जुन्या ब्लॉगमध्ये सर्च कन्सोलमधलं यूआरएल पॅरामीटर टूल वापरा असं लिहिलेलं सापडेल, ते गूगलने 2022 मध्ये काढून टाकलं, त्यात वेळ घालवू नका.

पेज नंबरचं वेगळं. दुसऱ्या-तिसऱ्या पेजचं कॅनॉनिकल पहिल्या पेजकडे लावू नका, प्रत्येकाला स्वतःचंच ठेवा, नाहीतर मागच्या पेजांवरच्या साड्या गूगलला सापडायला अवघड होतं.

फिल्टर लावून शून्य साड्या येत असतील तर "काही सापडलं नाही" असं पेज 200 कोडने ("पेज ठीक आहे") देऊ नका, 404 ("असं पेज नाही") द्या, गूगलचाही सल्ला तोच आहे. त्याहून बरं म्हणजे ज्यात माल नाही तो पर्याय फिल्टरमध्ये क्लिकच होऊ नये. पण खणाची साडी महिनाभर संपली म्हणून त्या कॅटेगरीचं पेज उडवू नका, ते राहू द्या, "माल लवकरच येतोय" लिहा आणि जवळपासचं काहीतरी दाखवा.

साडीचा स्वतःचा पत्ता कॅटेगरीच्या आत ठेवू नका. एकच साडी पैठणीत, लग्नाच्या साड्यांत आणि दिवाळी ऑफरमध्ये असते, मग तिचे तीन पत्ते होतात. /प्रॉडक्ट/ आणि पुढे साडीचं नाव, बास. शॉपिफायमध्ये (वूकॉमर्ससारखीच दुकानाची दुसरी सोय) कलेक्शनमधून, म्हणजे कॅटेगरीतून गेलं तर लांबलचक पत्ता दिसतो, पण त्याचं कॅनॉनिकल सुट्या प्रॉडक्टच्या पत्त्यावरच असतं, ते याचसाठी.

तुम्ही शेवटी विचारलंय की यूआरएल मराठीत ठेवले तर चालतील का. गूगलला चालतात, काही अडचण नाही. पण देवनागरीचं एक-एक अक्षर, एक-एक मात्रा यूआरएलमध्ये 9 चिन्हांची होते, म्हणजे "पैठणी" एवढ्या शब्दाची प, ऐकार, ठ, ण, वेलांटी धरून 45 चिन्हं. व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये कॉपी केलेली लिंक बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन जाते आणि साड्यांचा धंदा तर व्हॉट्सॲपवरच चालतो. मी तरी पत्ता इंग्रजी अक्षरात ठेवते आणि हेडिंग, मजकूर मराठीत.

आणि सध्याच्या कॅटेगरीच्या पत्त्यांवर गिऱ्हाईक येत असेल तर ते बदलू नका, अगदी बदलायचेच तर जुन्यावरून नव्यावर थेट एकच 301 (पत्ता कायमचा बदलला असं सांगून नव्या पत्त्यावर पाठवणं), मध्ये तिसरा थांबा नको. हे काम लग्नसराईच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर काढू नका. झाल्यावर सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये क्रॉल स्टॅट्स बघत जा, तिथे उदाहरणादाखल यूआरएल दिसतात, त्यात "ऑर्डरबाय" आणि "फिल्टर_" कमी होऊन साड्यांची पेजं जास्त दिसायला लागली की झालं काम. "डिस्कव्हर्ड"चा आकडा मात्र बरेच दिवस तसाच दिसेल, कदाचित अजून वाढेलही, तेव्हा दर सकाळी तो उघडून डेव्हलपरला फोन लावू नका.