खालिद जमील एका संघात टिकत का नाहीत?

आपण विचारले आहे की, कुवेतमध्ये जन्मलेले आणि मुंबईत खेळाडू म्हणून घडलेले फुटबॉल प्रशिक्षक खालिद जमील हे मुंबई, ऐझॉल, कोलकाता, गुवाहाटी, बंगळूर, जमशेदपूर असे फिरत फिरत भारतीय संघापर्यंत पोहोचले. मग ते एका ठिकाणी टिकत का नाहीत, आणि हा त्यांचा दोष मानावा काय? यातील 'टिकत नाहीत' हे शब्द मला झोंबले. का झोंबले ते पुढे येईलच, पण आधी एक दुरुस्ती करतो. ते 2007 साली मुंबई एफसीमध्ये खेळाडू म्हणून आले, 2009 साली त्याच संघाचे प्रशिक्षक झाले आणि 2016 पर्यंत तेथेच होते. एकाच क्लबात सलग सात वर्षे प्रशिक्षक राहण्याचे उदाहरण, आर्मांडो कोलासो यांचा गोव्यातील धेंपो क्लब सोडला तर, आपल्याकडे चटकन आठवत नाही. या वर्षांकडे दुर्लक्ष करून केवळ नंतरची भ्रमंती मोजली, तर कोणीही भटक्या ठरेल.

खेळाडू म्हणूनही ते फारसे भटकलेले नाहीत. महिंद्र युनायटेड, मग एअर इंडिया, पुन्हा महिंद्र आणि शेवटी मुंबई एफसी, इतकीच यादी आहे, आणि ती सगळी मुंबईतली आहे. मधल्या फळीतला हा खेळाडू दुखापतींनी बेजार झाला नसता तर आणखी कितीतरी खेळला असता, असे माझे मत आहे. 2005-06 ची राष्ट्रीय साखळी जिंकणारा महिंद्रचा संघ 2010 साली बंद करण्यात आला, एअर इंडियाचा संघ 2013 नंतर आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या मुख्य साखळीत, दिसला नाही आणि मुंबई एफसी 2017 साली खालच्या श्रेणीत उतरून पुढे बंदच पडली. ज्या तीन संघांतून हा माणूस खेळला त्यांतील एकही आज देशाच्या मुख्य साखळीत नाही, आणि आपण विचारता की टिकत का नाही!

आता माझी गोष्ट. 2006 साली मी उपनगरातील एका लहान क्लबाचा प्रशिक्षक होतो. त्याआधी बारा वर्षे एका कार्यालयाच्या संघातून डाव्या बगलेचा बचावपटू म्हणून खेळलो होतो, त्यामुळे गोल करण्यापेक्षा गोल न होऊ देण्याची सवय अंगात मुरली होती. क्लबाकडून मानधन नव्हते. प्रवासखर्च मिळे आणि तोही भावोजींच्या सहीने, कारण माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हेच क्लबाचे खजिनदार होते आणि त्यांच्याच शब्दावर माझी नेमणूक झाली होती. परळच्या मैदानावर जिल्हा साखळीतला आमचा शेवटचा सामना होता. एक गुण मिळाला तर गटात राहणार, हरलो तर खालच्या गटात जाणार, असा हिशेब होता. नोंदवलेल्या बावीस खेळाडूंपैकी त्या दिवशी तेराच आले. गोलरक्षक रात्रपाळी आटोपून थेट मैदानावर आला होता आणि आमचा एकमेव बरा स्ट्रायकर आधीच्या सामन्यांतील शिक्षेच्या कार्डांमुळे बाहेर बसला होता. परतीच्या पावसाने दोन्ही पेनल्टी क्षेत्रांत चिखल झाला होता.

मी बचाव फळीत पाच जण लावले आणि त्यांच्यापुढे चौघांची दुसरी फळी दाटीने उभी केली. या दोन फळ्यांमध्ये दहा-बारा मीटरपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, एवढे एकच वाक्य मी मध्यंतरापर्यंत बाहेरून ओरडत होतो. डाव्या विंगरला सांगितले की, समोरचा बॅक वर चढला की त्याच्या मागोमाग आपल्या कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत जायचे, आणि चेंडू मिळाला तरी एकट्याने पुढे धावायचे नाही. पुढे एका सतरा वर्षांच्या मुलाला ठेवले, कारण तो दमत नसे. बचाव करायचा म्हणजे सगळ्यांनी मागे जाऊन उभे राहायचे, अशी ज्यांची समजूत असते त्यांनी कधी तेरा थकलेल्या माणसांकडून तो करून घेतलेला नसतो. कोणी एकाने आपली जागा सोडून चेंडूकडे धाव घेतली, तर उरलेल्या नऊ जणांना त्याच क्षणी सरकावे लागते, आणि हे सरकणे सरावाशिवाय येत नाही. आम्ही त्यासाठी तीन आठवडे चेंडूला हातही न लावता नुसते दोऱ्या बांधून उभे राहण्याचा सराव केला होता. सामना 0-0 सुटला. गोलाच्या दिशेने आमचा एकच फटका गेला, आणि तोही बहुधा पास चुकून गेला असावा.

आम्ही गटात राहिलो. कोणीतरी पाठीवर थाप मारील, अशी माझी अपेक्षा होती. भावोजी छत्री मिटत माझ्याजवळ आले आणि चार खेळाडूंच्या देखत म्हणाले, "अरे, भिंतच बांधायची होती, तर गवंडी आणला असता. स्वस्तात पडला असता." मी फुकटात पडलो होतो, हे खजिनदार असूनही त्यांच्या ध्यानात आले नाही. तीन आठवड्यांनी समितीचे पत्र आले, त्यात माझे आभार मानून पुढील हंगामासाठी 'आकर्षक खेळाचा आग्रह धरणारा' प्रशिक्षक नेमल्याचे कळवले होते. त्यानंतरच्या सहा वर्षांत मी आणखी तीन संघ हाताळले. तिन्ही ठिकाणी संघ बुडायला आला तेव्हा बोलावणे आले आणि तो काठाला लागल्यावर निरोप मिळाला. घरातल्या लग्नकार्यांत भावोजी माझी ओळख करून देताना म्हणत, "हा फुटबॉल शिकवतो, पण कुठे टिकत नाही." आपल्या प्रश्नात नेमके हेच शब्द आले.

म्हणूनच 2016-17 चा हंगाम मी जवळजवळ वैयक्तिक सूडाच्या भावनेने पाहिला. मुंबई एफसीने निरोप दिल्यानंतर जमील ऐझॉलला गेले. ऐझॉल एफसी आदल्या वर्षी आय-लीगमधून खाली उतरली होती आणि गोव्याचे संघ स्पर्धेतून बाहेर पडल्यामुळेच तिला पुन्हा जागा मिळाली होती. जमील यांच्यासोबत जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडू होते. सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान मधली फळी सांभाळत होते. बाकी बहुतेक मिझो मुले होती, आणि ती न थकता धावत असत. 22 एप्रिल 2017 रोजी त्यांनी मोहन बागानला ऐझॉलमध्ये 1-0 असे हरवले. 30 एप्रिलला शिलाँग लाजाँगविरुद्ध त्यांना विजेतेपदासाठी फक्त बरोबरी हवी होती, आणि सामना 1-1 असा सुटला. ऐझॉलचे 37 गुण झाले, मोहन बागानचे 36. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून खालच्या श्रेणीत गेली.

त्या संध्याकाळी मी भावोजींना फोन केला. आमचे बोलणे तेव्हा सणावारापुरतेच उरले होते. "भावोजी, बरोबरीवर देशाचे विजेतेपद मिळाले, पाहिलेत ना?" असे मी विचारले. त्यांनी सामना पाहिला होता, हे मला ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "पाहिला ना. नवव्या मिनिटाला गोल खाल्ला त्यांनी. मग भिंत सोडून पुढे यावे लागले, तेव्हा कुठे दुसऱ्या डावात बरोबरी झाली. तुझ्या त्या संघाने गोल खाल्ला असता, तर तू काय केले असतेस?" मी फोन ठेवला. याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, आणि आजही ते मी पूर्ण देऊ शकेन असे नाही.

आपल्या प्रश्नाकडे परत येतो. ऐझॉलनंतर ते का फिरले, याचे मोठे कारण त्यांच्या स्वभावात नसून आपल्या फुटबॉलच्या रचनेत आहे. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही आजची मुख्य साखळी, 2014 साली सुरू झाली आणि ऑक्टोबर 2021 पर्यंत तिच्यातील एकाही संघाने भारतीय माणसाला कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक नेमले नव्हते. भारतीय प्रशिक्षकाने साहाय्यक म्हणून शंकू मांडावेत, आणि परदेशी साहेब हंगामाच्या मध्यावर परत गेले की चार सामन्यांपुरते गाडे ओढावे, असा प्रघात होता. देशाचे विजेतेपद मिळवलेल्या माणसाला ईस्ट बंगालमध्ये एक हंगाम मिळाला आणि जानेवारी 2019 मध्ये, हंगाम अर्ध्यावर असताना, मोहन बागानमध्ये दुसऱ्याच्या जागी उभे राहावे लागले. कोलकात्यातील त्या दोन घरांत चौथे स्थान म्हणजे अपराध असतो, हे सर्वांना माहीत आहे. पुढे गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये साहाय्यक असताना जानेवारी 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षक जेरार्ड नुस यांना दूर केल्यावर संघ त्यांच्या हाती आला, आणि उरलेल्या साखळी सामन्यांत एकही पराभव न पत्करता त्यांनी तो उपांत्य फेरीत नेला. तेव्हा कुठे नॉर्थईस्टने त्यांना कायम केले, आणि वर सांगितलेली ऑक्टोबर 2021 ही तारीख त्यांच्याच नेमणुकीची आहे. पुढच्या हंगामात तोच संघ अकरांत दहावा आला, हेही नमूद करतो, नाहीतर भावोजी करतील.

नंतर ते जमशेदपूरच्या संघाचे प्रशिक्षक झाले. तेथील 2024-25 चा हंगाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने माझी आणि भावोजींची, दोघांचीही मते मोडीत काढली. जमील म्हणजे बरोबरीचा प्रशिक्षक, असे ते म्हणत आणि मीही अभिमानाने म्हणत असे. त्या हंगामात 24 सामन्यांत 12 विजय, 10 पराभव आणि केवळ 2 बरोबऱ्या होत्या. 38 गुणांसह संघ पाचवा आला, आणि केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल जास्त होते. म्हणजे हा माणूस जिंकण्यासाठी धोका पत्करतो आणि तो अंगाशी आला तर मोठ्या फरकाने हरतो. उपांत्य फेरीचा पहिला सामना त्यांनी मोहन बागानविरुद्ध घरच्या मैदानावर 2-1 असा जिंकला. कोलकात्यातील दुसऱ्या सामन्यात मात्र जवळजवळ सगळा वेळ मागे उभे राहून बचाव केला, आणि भरपाई वेळेत अपुइयाने दुरून मारलेल्या गोलाने ते 0-2 असे हरले आणि दोन्ही सामने मिळून 2-3 अशा फरकाने बाहेर गेले. हा अपुइया म्हणजे 2021 साली जमील यांच्याच हाताखाली खेळलेल्या नॉर्थईस्टचा कर्णधार. तो गोल पाहताना परळचा चिखल माझ्या डोळ्यांपुढे आला. आमच्या सामन्यात समोर कोणी अपुइया नव्हता, एवढाच फरक.

1 ऑगस्ट 2025 रोजी भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली. 2012 साली सावियो मदेरा यांच्यानंतर प्रथमच हे पद भारतीय माणसाकडे आले. सुरुवातीला मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स चषकात ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात 2-1 असे हरवले, आणि तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरला त्यांच्या मैदानावर 1-1 असे रोखले, पण मडगावात 1-2 असा पराभव झाला आणि 2027 च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हार पत्करावी लागली. मडगावच्या सामन्यात आघाडी आपली होती, हे मला अधिक लागले. त्या पराभवाचा दोष मी पूर्णपणे त्यांच्यावर टाकत नाही, कारण पात्रता फेरीची सुरुवातच त्यांच्या आधी बिघडलेली होती. पण आघाडी राखण्यासाठी ज्याची ख्याती आहे, त्याच्याच संघाने ती गमावली, हे नाकारताही येत नाही.

आपल्याला खरोखर अभ्यास करायचा असेल तर ठळक क्षणांच्या चित्रफिती पाहू नका. जमशेदपूरचा कोलकात्यातील तो सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा, चेंडूकडे न पाहता बचाव फळी आणि तिच्यापुढची फळी यांतील अंतर पाहा, आणि ते अंतर कोणत्या मिनिटापासून वाढू लागते याची नोंद करा. माझ्या मते ते दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला मिळालेल्या पेनल्टीनंतर वाढते. भावोजींच्या मते ते पहिल्यापासूनच जास्त आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. 2006 साली माझ्या जागी आलेल्या त्या 'आकर्षक' प्रशिक्षकाने पुढच्या वर्षी त्याच मुलांना घेऊन संघ वरच्या गटात चढवला. पुढे एकट्याने धावणारा तो सतरा वर्षांचा मुलगा त्या हंगामात संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. भावोजींनी हे मला कधीही ऐकवलेले नाही.