कंपनीत नोकरकपात सुरू आहे आणि मला लागून आठच महिने झाले आहेत. माझी नोकरी टिकेल का?

तुमची नोकरी टिकेल की नाही, हे बाहेरून कोणालाही सांगता येणार नाही. कपातीत नवे लोक आधी जातात हे मात्र खरे आहे. एकाच प्रकारच्या कामातील माणसे कमी करायची असतील, तर सर्वसाधारणपणे शेवटी आलेल्याला आधी काढावे, असे कायदाच सांगतो. तरीही नोकरी जाईल का यापेक्षा ती कोणत्या कागदावर जाईल, याची काळजी तुम्ही अधिक करावी, असे माझे ठाम मत आहे.

मी 16 जून 2008 रोजी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारी कारकून म्हणून लागले. पगार महिना 6,500 रुपये होता. त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली, तिकडच्या ऑर्डरी आटल्या आणि 31 मार्च 2009 रोजी दुपारी आम्हा चौघांना आत बोलावून, 'वैयक्तिक कारणास्तव' असे आधीच टाइप केलेले राजीनामे आमच्यापुढे ठेवण्यात आले. मी एका दिवसाची मुदत मागून घेतली आणि संध्याकाळी मामांकडे गेले. मामांची उभी हयात गिरणीत गेली होती आणि ती बंद पडल्यावर हक्काच्या पैशांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे हेलपाटे घातले होते. ते म्हणाले, "आम्हाला तीस वर्षांचे मिळेना, तुझे तर वर्षही भरले नाही. भांडलीस तर एमआयडीसीत कोणी दारात उभे करणार नाही. सही कर आणि मोकळी हो." दुसऱ्या दिवशी मी सही केली.

मामांचे दुःख खरे होते, पण सल्ला चुकीचा होता. कायद्यातले वर्ष पंचांगातले नसते. मागील बारा महिन्यांत 240 दिवस काम झाले असेल तर वर्ष भरले असे धरतात. माझी प्रत्यक्ष हजेरी 234 दिवसांची होती, म्हणून मी स्वतःलाही अपात्र समजत राहिले. पगारी रविवार आणि पगारी सुट्ट्याही या हिशेबात धरायच्या असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितले होते, हे मला फार उशिरा कळले. नुसते रविवारच 41 होते. म्हणजे एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि भरपाई म्हणून पंधरा दिवसांचा पगार, असे मिळून पावणेदहा हजारांच्या आसपास रक्कम माझ्या हक्काची होती. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला यातले काहीच मागता येत नाही, आणि म्हणूनच तो कागद आमच्यापुढे ठेवला गेला होता.

मामा आजही म्हणतात की, मी भांडले नाही म्हणून मला पुढची नोकरी मिळाली. ती मिळायला साडेसात महिने लागले आणि तिथे जुन्या कारखान्याविषयी मला कोणी अवाक्षरानेही विचारले नाही. त्या महिन्यांत घरभाड्यासाठी मी आईची बांगडी गहाण ठेवली. तेव्हा कोणी कितीही मायेने सांगितले, तरी दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका; काढायचे असेल तर तसे लेखी द्या, असे शांतपणे सांगा आणि गरज पडल्यास कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या.

हे सर्व कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय पदावर असाल तर तुमचे नेमणूकपत्रच पाहावे लागेल. परिवीक्षेच्या, म्हणजे प्रोबेशनच्या, काळात करारातील अटीनुसार सेवा संपवली, तर ती कपात धरली जाईलच असे नाही. माझ्या वेळी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा होता; त्याची जागा आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे, त्यामुळे आजची कलमे जाणत्या वकिलाकडून तपासून घ्या. पण तुमचे आठ महिने म्हणजे साधारण 240 दिवसच होतात. रुजू झाल्याच्या तारखेपासून पगारी रविवार धरून आजच दिवस मोजा आणि हजेरीच्या व पगारपत्रकांच्या प्रती कंपनीच्या संगणकावर न ठेवता घरी आणून ठेवा.