अपघाताच्या क्लेम केसचे नियम कोण बनवतं, आणि मधेच कसे काय बदलतात?

भावाच्या क्लेमचं विचारलंय तुम्ही, वकील म्हणाले नियम बदललेत म्हणून. मी सांगलीत वकिलांकडं क्लार्क आहे, बारा वर्षं एमएसीटीच्याच, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या ट्रिब्युनलच्याच फायली वाहतोय, त्यामुळं मला जमेल तसं सांगतो.

आधी बघायचं की अडलेली गोष्ट कायद्यात आहे का नियमात. मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो संसदेचा. पण त्यात सगळं बारीकसारीक लिहिलेलं नाही. कलम १६९ म्हणतं ट्रिब्युनलनं थोडक्यात चौकशी करावी, नियमांना धरून, आणि क्लेमचा अर्ज कसा, फी किती, हे ठरवायचा अधिकार कलम १७६ नं राज्य सरकारला दिलाय. सरकार आधी मसुदा राजपत्रात छापतं, हरकती मागवतं, मग पक्का नियम येतो आणि नंतर विधिमंडळासमोर ठेवतात. हरकत कुणीही पाठवू शकतो बरं का, पण राजपत्र वाचतंय कोण, आमच्या बाररूममध्ये सुद्धा नियम लागू झाल्यावरच बोंब सुरू होते.

तुमच्या वकिलांचं म्हणणं बहुतेक १ एप्रिल २०२२ बद्दल असणार. केंद्राचे नियम २५ फेब्रुवारीला निघाले आणि महिन्याभरात लागू. पोलिसांनी पहिला रिपोर्ट, म्हणजे फॉर्म १, ४८ तासांत ट्रिब्युनलला द्यायचा, सविस्तर रिपोर्ट ९० दिवसांत, आणि तो रिपोर्टच क्लेम अर्ज म्हणून धरायचा. ही पद्धत मुळात दिल्ली हायकोर्टाच्या आदेशांतून आली. कागदावर झकास. पण त्या वर्षी मी एका ठाण्यात गेलो तर अंमलदार मलाच विचारतो, फॉर्म १ म्हणजे कुठला ओ? शेवटी माझ्या मोबाईलवरून प्रिंट काढली त्यांनी.

अपघातापासून सहा महिन्यांत क्लेम टाकायची मुदत मात्र नियमात नाही, कायद्यातच आहे. १९८८ ला होती, १९९४ ला काढली, २०१९ च्या दुरुस्तीनं परत आली आणि तीही त्याच १ एप्रिलपासून लागू. ती हलवायची तर संसदच पाहिजे. सुप्रीम कोर्टात तिला आव्हान दिलंय, त्यामुळं भावाचा अर्ज अजून टाकला नसेल तर उशीर झाला म्हणून घरी बसू नका, आधी दाखल करा.

आणि अपील करायची वेळ आलीच तर आता मुंबईची गाडी धरायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालंय, म्हणजे हायकोर्टाचे न्यायमूर्ती तिथंच बसतात. त्याला कुठला नियम बदलावा लागला नाही, मुख्य न्यायमूर्तींची अधिसूचना आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातलं एक कलम, बास.